मदत हवी आहे: फ्लशची टाकी भरते, पण बटण दाबलं तरी कमोड साफ होत नाही

लातूरची लेक

नमस्कार मंडळी,

लातूरला आई-बाबांच्या घरी कमोडचा फ्लश चालेनासा झालाय. प्लंबर येऊन गेला. त्याने बटण दाबून पाहिलं आणि "कमोड आतून भरलाय, फरशी फोडून नवीन बसवावा लागेल" असं सांगितलं. खर्चाला आमची ना नाही, पण नेमकं काय बिघडलंय हे कळल्याशिवाय फरशीला हात लावू द्यायला मन धजत नाही.

घाई आहे ती बाबांमुळे. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, वॉकर धरून चालतात. परसातला उकिडवं बसायचा संडास त्यांना वापरता येत नाही, आणि बादली उचलून पाणी ओतणं तर शक्यच नाही. फ्लश झाला नाही की ते आईला हाकही मारत नाहीत. टाकी पुन्हा भरेपर्यंत वॉकर धरून तिथेच उभे राहतात. मला ते बघवत नाही.

कमोड जमिनीवर बसवलेला आहे. भिंतीवर पांढरी प्लास्टिकची टाकी, झाकणावर लहान आणि मोठं अशी दोन बटणं. टाकीतून वाकडा पाइप कमोडच्या मागे जातो. पाणी बोअरचं, तेही चांगलंच जड. बादलीला, नळाच्या तोंडाला पांढरा थर बसतो. मोठं बटण दाबलं की पाणी येतं, भांड्यात गोल फिरतं आणि जोर न धरताच थांबतं. कागद तसाच तरंगत राहतो. दोन-तीनदा दाबावं तेव्हा कुठे जातं. पाणी वर चढून मात्र येत नाही.

पाण्याचं मोल लातूरकरांना वेगळं सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. एका वेळेला तीन टाक्या वाया जाताना आईचा जीव वरखाली होतो. कुठून सुरुवात करू?

पाना पक्कड

ताई, फरशी फोडू देऊ नका. आधी बादलीने खात्री करून घ्या.

सहा-सात लिटर पाणी बादलीत घ्या आणि गुडघ्याएवढ्या उंचीवरून एका दमात भांड्यात ओता. हळूहळू ओतलं तर काहीच कळणार नाही, कारण कमोडच्या मागच्या वळणातून पाणी एकदम पुढे गेलं तरच ते घाण ओढून नेतं. ओतल्यावर सगळं झटक्यात गेलं आणि शेवटी 'घळ्ळ' असा आवाज आला, तर भांडं, वळण आणि पुढची लाइन तिन्ही मोकळी आहेत. मग दोष टाकीत किंवा टाकीचं पाणी भांड्यात पोचण्याच्या वाटेत. पाणी वर चढून सावकाश उतरलं, तर कुठेतरी तुंबलंय. तेव्हाही आधी रबरी पंप आणि स्प्रिंगची सळई, फरशी सगळ्यात शेवटी.

मग टाकीचं झाकण काढून मोठं बटण दाबल्यावर आत काय होतं ते बघून सांगा. बहुतेक मॉडेलला बटण फिरवून काढावं लागतं, त्याशिवाय झाकण सुटत नाही. ओढाताण करू नका, जुनं प्लास्टिक तडकतं.

लातूरची लेक

बादली ओतली. एका झटक्यात सगळं साफ, आवाजही आला. खूप हायसं वाटलं!

झाकण काढलं. आतल्या भिंतीवर पाण्याची रेघ कोरलेली आहे, पाणी तिच्या चांगलं चार बोटं खाली थांबतंय. मधल्या उभ्या नळकांड्यावर मोठ्या बटणाचा भाग दाबला की ते जेमतेम उचललं जातं आणि लगेच खाली बसतं. निम्मं पाणी टाकीतच राहतं. नळकांड्याच्या बुडाशी पांढरे खडे जमलेत.

पाना पक्कड

म्हणजे कमोडचा काही दोष नाही.

ते नळकांडं म्हणजे फ्लश व्हॉल्व. लहान बटणाला तो थोडा उघडून लवकर बंद होतो, मोठ्याला जवळपास सगळी टाकी रिकामी व्हायला हवी. आजकालच्या बऱ्याच टाक्यांत हे प्रमाण तीन आणि सहा लिटर असतं. तुमच्याकडे मोठ्या बटणालाही लहान बटणाएवढंच पाणी सुटतंय, त्यात टाकी मुळातच कमी भरते. मग जोर कुठून येणार?

आता झाकण बाजूला ठेवून नळकांड्याचा मधला भाग हाताने पूर्ण वर उचला आणि धरून ठेवा. जोरात फ्लश झाला तर व्हॉल्व ठीक आहे, बटणाची दांडी कमी पडतेय. झाकणाखालच्या या दांड्यांना आटे असतात. एखादा फेरा फिरवून लांब करा, झाकण लावा, दाबून बघा. एकदम जास्त लांब करू नका, दांडी कायम टेकून राहिली तर व्हॉल्व बंदच होत नाही आणि पाणी रात्रंदिवस झिरपतं.

हाताने उचलूनही तो अडखळत असेल, तर क्षार धरलाय. अँगल कॉक, म्हणजे टाकीला पाणी देणाऱ्या पाइपावरचा भिंतीतला कॉक, बंद करा, टाकी रिकामी करा, नळकांडं डावीकडे पाव फेरा फिरवून वर ओढा. पुष्कळ मॉडेलमध्ये ते असंच सुटतं. बुडाशी रबरी वॉशर दिसेल. किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून सगळे भाग त्यात तासभर बुडवा, मग जुन्या दातांच्या ब्रशने घासा. वॉशर फुगलेला किंवा कडक झालेला असेल तर नवाच घाला. दुकानात जाताना जुना वॉशर सोबत न्या, नुसत्या वर्णनावर तोच माप मिळत नाही.

पाण्याची पातळी फ्लोटच्या, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या तरंगत्या भागाच्या, बाजूच्या स्क्रूने वाढते. रेघेपर्यंत येऊ द्या, त्यापुढे नको.

घर आणि अंगण

पाना पक्कड यांनी सांगितलंय ते बरोबरच आहे. बोअरच्या पाण्यात आणखी एक गोष्ट बघा, भांड्याच्या कडेखालची भोकं. टाकीचं पाणी त्यातूनच भांड्यात उतरतं. छोटा आरसा कडेखाली धरा आणि मोबाइलचा टॉर्च मारा. आमच्याकडे पुढची भोकं दगडासारखी बंद झाली होती, पाणी फक्त मागून येत होतं. लोखंडी तार घालू नका, चकाकी खरवडली जाते आणि मग तिथे घाण जास्त धरते. प्लास्टिकची केबल बांधायची पट्टी बरोबर आत जाते. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवलेल्या कापडाच्या सुरळ्या रात्रभर कडेखाली दाबून ठेवल्या की थर मऊ पडतो.

आणि कळकळीने सांगते, संडास धुवायचं अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र होऊ देऊ नका. एकामागोमाग एकसुद्धा नको. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद न्हाणीघरात तो थेट छातीत जातो. वडील वॉकरवर आहेत, त्यांना पटकन बाहेर येता येणार नाही.

कोकणातला पाऊस

ताईंचा प्रश्न वेगळा आहे, पण हे वाचून कुणी बादली ओतली आणि पाणी चढलं तर त्यांच्यासाठी लिहितो. आमच्याकडे जुलैत असंच होतं. शोषखड्ड्याभोवतीची जमीन पाण्याने गच्च होते, सेप्टिक टाकीतलं पाणी बाहेर जायला जागाच उरत नाही, आणि घरातला प्रत्येक कमोड सुस्तावतो. घरातलं एकच भांडं अडलं तर दोष त्या भांड्यात, सगळीच अडली तर बाहेर चेंबर आणि टाकी बघा. फ्लश करताना शेजारच्या मोरीत बुडबुडे येत असतील तर गच्चीवरचा हवेचा पाइपही तपासा, पक्षी त्यात काड्या भरतात.

टाकी उपसायची वेळ आली तर सक्शनची गाडीच बोलवा. कितीही ओळखीचा असला, स्वतःहून "मी उतरतो" म्हणाला तरी माणसाला आत उतरवू नका. आतल्या विषारी वायूने क्षणात शुद्ध हरपते आणि वाचवायला उतरलेलाही जातो. सुरक्षेच्या साधनांशिवाय उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. कायदा नसता तरी मी हेच लिहिलं असतं.

लातूरची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. झालेलं सांगते.

अँगल कॉक क्षाराने असा धरला होता की फिरेचना. जोर लावला असता तर भिंतीतूनच तुटला असता, म्हणून गच्चीवरचा व्हॉल्व बंद केला. नळकांडं पाव फेऱ्यात सुटलं. वॉशरवर पांढरं कडं जमलं होतं आणि दांडी वरखाली जाते त्या खाचेत खडे अडकले होते. लिंबूसत्त्वात ते फसफसून सुटले. वॉशर नवीन घातला, दांडी थोडी लांब केली, पाणी रेघेपर्यंत आणलं. कडेखालची भोकं बघितली, त्यातली काही बंद होती, ती पट्टीने मोकळी केली.

आता मोठं बटण एकदा दाबलं की सगळं जातं. बाबांनी स्वतः दाबून बघितलं आणि काही न बोलता खोलीत गेले. संध्याकाळी आईला म्हणाले, "पोरीला चहा कर."

दोन गोष्टी राहिल्यात. टाकी भरायला फार वेळ लागतो. आणि भांड्याच्या आत मागच्या बाजूला ओलसर रेघ दिसते, नवीन वॉशर गळतोय की काय अशी शंका येते.

पाना पक्कड

शाब्बास ताई! अँगल कॉकवर जोर लावला नाहीत ते फार बरं केलंत. तो मात्र प्लंबरकडूनच बदलून घ्या, पुढच्या वेळी गच्चीवर धावायला नको.

गळतीसाठी कपड्याची नीळ वापरा. टाकी भरली की आत चार-पाच थेंब टाका आणि अर्धा तास कुणाला फ्लश करू देऊ नका. भांड्यातलं पाणी निळं झालं तर वॉशर गळतोय. नळकांडं परत काढून बैठकीची कडा बोटाने चाचपा, एखादा खडा राहिला असेल. निळं झालं नाही तर ती ओल भोकांतून उशिरा उतरणाऱ्या पाण्याची आहे, सोडून द्या.

टाकी सावकाश भरते त्याचं कारण बहुधा फ्लोट व्हॉल्वच्या तोंडाशी असलेली छोटी जाळी. गच्चीवरचा व्हॉल्व बंद असतानाच टाकीकडचा जोडपाइप सोडवा, जाळी चिमट्याने ओढून काढा, लिंबूसत्त्वात भिजवा आणि परत बसवा. फेकून देऊ नका, नाहीतर बोअरची रेती थेट व्हॉल्वमध्ये जाईल. तुमच्या पाण्याला ही जाळी दर दोन-तीन महिन्यांनी धुवावी लागेल.