स्वतःची दिवाळखोरी फाइल करायला एकूण खर्च किती? (अर्जंट)

शाई_संपली
सरळ प्रश्न आहे, सरळ आकडा हवाय. मुंबईत स्वतःचं दिवाळं जाहीर करायचं तर कोर्ट फी, वकील, स्टँप सगळं धरून किती लागतात? एका वकिलाने ८० हजार सांगितले, दुसरा म्हणे असला कायदाच नाही आपल्याकडे. ८० हजार हातात असते तर दिवाळं कशाला काढलं असतं. देणं साडेअठरा लाख. 'खर्च कमी करा' छाप सल्ले प्लीज नकोत, दोन दिवसांत ठरवायचंय.

गवती चहा
साडेअठरा कुणाचे? बँक, कार्ड, ॲप, सोनार, सासरे? काही तारण आहे का? असं हवेत कोण सांगणार.

एडिसनकर
इथे न्यू जर्सीत चॅप्टर ७ ची, म्हणजे इथल्या वैयक्तिक दिवाळखोरीची फी ३३८ डॉलर, वकील वेगळा. शिवाय एक कोर्स आधी नि एक नंतर करावा लागतो. उत्पन्न फारच कमी असेल तर फी माफही होते. माझ्या रूममेटने केलं होतं, गाडी त्याची त्याच्याकडेच राहिली.

खडूस काका
एडिसनकर, धागाकर्ते मुंबईत बुडालेत, रुपयात.

कलमबहाद्दर
२०१६ चा इन्सॉल्व्हन्सी कोड वाचा. अर्जाची फी फक्त २००० रुपये. वकील चक्क फसवतोय तुम्हाला.

कोर्टाचं कँटीन
कलमबहाद्दर, अर्धवट सांगून माणसाला हेलपाटे घालायला लावू नका. ती २००० ची फी कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांसाठी, १ डिसेंबर २०१९ पासून तेवढाच भाग चालू झालाय. तुमच्याआमच्यासाठीचा भाग कागदावरच आहे. मुंबईत राहत असाल तर १९०९ चा कायदा नि हायकोर्ट, बाहेर असाल तर १९२० चा नि जिल्हा न्यायालय. इतके जुने की किमान देणं ५०० रुपये असलं तरी अर्ज चालतो. कोर्ट फी किरकोळ असते हो, पैसा जातो तो वकिलात, नोटिसांत आणि तारखांत. मुंबईत नक्की कुठे?

शाई_संपली
डोंबिवली. त्याने काय फरक पडतो?

खडूस काका
डोंबिवली मुंबईत कधी आली?

गवती चहा
काका, आठ सत्तावीसच्या लोकलमध्ये चढून बघा, मग कळेल.

कोर्टाचं कँटीन
फरक पडतो. ठाणे जिल्हा न्यायालय, १९२० चा कायदा. दुसरा वकील चुकला. आता तारण सांगा.

शाई_संपली
विचारलंय काय नि चाललंय काय. बरं. घराचे ११ लाख बाकी, दोन कार्डांचे साडेतीन, ॲपांचे दीड, बाकी धंद्याचे. लग्नपत्रिकांची छपाई होती. लोक आता मोबाइलवरच पत्रिका धाडतात, सोनेरी शाईचे दोन डबे अजून तसेच पडलेत, झाकणावरची पट्टीसुद्धा निघाली नाही.

माजी वसुलीवाला
मी सात वर्षं याच धंद्यात होतो. कोर्टबिर्ट सोडा, सेटलमेंट करा. कार्डवाले मार्चअखेर नरमतात. मात्र पत्र लेखी घ्या, फोनवरच्या 'हो सर'वर एक पैसा भरू नका. आणि सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन आला तर वेळ लिहून ठेवा, रिझर्व्ह बँकेची मनाई आहे त्याला.

कलमबहाद्दर
सेटल केलं की सिबिलवर 'सेटल्ड' म्हणून डाग बसतो तो सांगितला नाहीत.

माजी वसुलीवाला
दिवाळं काढून काय हळदीकुंकवाला बोलावतात का?

कोर्टाचं कँटीन
भांडू नका. ११ लाखांना घर तारण आहे, दिवाळखोरी झाली तरी बँक घरावर येणारच. म्हणजे हा सगळा खटाटोप उरलेल्या साडेसात लाखांसाठी. त्यात नादार, म्हणजे कोर्टाच्या भाषेत दिवाळखोर, ठरलात म्हणून सुटलात असंही नाही, कोर्टाने दिलेल्या मुदतीत मुक्ततेचा वेगळा अर्ज करावा लागतो, तो राहिला तर नादारी रद्द आणि सगळे परत दारात. एक रिसीव्हर, म्हणजे नादाराची मालमत्ता सांभाळायला कोर्टाने नेमलेला माणूस, तर वर्षानुवर्षं मी फाइल घेऊन जिने चढताना बघतोय.

पाटी पेन्सिल
आमच्या शाळेत नादारी म्हणजे फी माफ असायची. मला पाचवीला मिळाली होती. मास्तर वर्गात मोठ्याने नाव वाचायचे.

गवती चहा
मशीन जप्त होईल का यांची?

कोर्टाचं कँटीन
कारागिराची हत्यारं सुटतात, भांडीकुंडी सुटतात, मंगळसूत्रही सुटतं. पण दीड टनाच्या ऑफसेटला हत्यार म्हणायला कोर्ट तयार होईल का, यावर वकिलाचे दोन वाढदिवस होतील. घराच्या कर्जावर पत्नीची सही आहे का?

शाई_संपली
आहे. सहअर्जदार.

कोर्टाचं कँटीन
मग तुम्ही नादार झालात तरी हप्त्यासाठी बँक त्यांना धरणार. त्यांच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बायकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तुमचं उत्पन्न मर्यादेत बसतं का तेही तिथेच विचारा. ८० हजारांचं उत्तर तिथे आहे. आणि 'बाकी धंद्याचे' म्हणजे? चेक दिलेत का कुणाला?

शाई_संपली
कागदवाल्याला. २ लाख १० हजारांचा. बाऊन्स झाला, त्याच्या वकिलाची नोटीस आलीय. म्हणून तर दोन दिवस म्हणतोय.

माजी वसुलीवाला
अहो!

कोर्टाचं कँटीन
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं ना! हातात पडून किती दिवस झाले?

शाई_संपली
तेरा.

कोर्टाचं कँटीन
पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत तर पुढच्या महिनाभरात तो १३८ ची, म्हणजे चेक न वटल्याची केस टाकू शकतो. ती फौजदारी, दिवाळखोरीच्या अर्जाने थांबत नाही. बाकी सगळं बाजूला ठेवा. आज त्याला गाठा, जमेल तेवढं द्या, उरलेल्याची मुदत लेखी घ्या, नोटिशीला उत्तरही वकिलाकडूनच जाऊ द्या.

शाई_संपली
फोन उचलत नाही तो. दुकानात जाऊ?

कोर्टाचं कँटीन
आत्ता. एकटे जाऊ नका, सोबत कुणी शांत माणूस न्या. आणि येताना कागद घेऊन या, आश्वासन नको.

शाई_संपली
निघतो. त्याचं गोडाऊन इथेच आहे, दहा मिनिटांवर.

एडिसनकर
डोंबिवली पूर्व का पश्चिम?