व्येलिच्काची मिठाची खाण (पोलंड): आईच्या गुडघ्यांना झेपेल का?

घोडबंदरकर
मे महिन्यात आईबाबांना घेऊन क्राकोवला जातोय. तिथून व्येलिच्का करायचं आहे. तिकिटाच्या पानावर ८०० पायऱ्या लिहिल्या आहेत. त्यातल्या चढायच्या किती? आईचे गुडघे दुखतात, शिवाय बंद जागेत तिला घाबरायला होतं. आत गारठा किती असतो?

ऐरोली_सेक्टर८
घोळ चढण्यात नाही, उतरण्यात आहे. सुरुवातीलाच दानिलोविच शाफ्टमधला (खाणीत उतरायच्या उभ्या विहिरीतला) लाकडी जिना लागतो. सलग ३८० पायऱ्या उतरून ६४ मीटरवर पोचता. पुढे टप्प्याटप्प्याने १३५ मीटरपर्यंत, तेही बहुतेक खालीच. वर मात्र लिफ्टने आणतात. म्हणून लोक ‘वर यायला लिफ्ट आहे ना’ म्हणून बिनधास्त जातात आणि गुडघे उतारावर बोलायला लागतात.

जायच्या आधी परीक्षा घ्या. घोडबंदर रोडला टॉवरची कमी नाही. लिफ्टने विसाव्या मजल्यावर जा आणि न थांबता जिन्याने खाली या. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजला नाही तर तिकीट काढा. पूर्ण फेरी साधारण साडेतीन किलोमीटर, दोन ते तीन तास.

वाशीचा_भटक्या
घाबरण्याचं म्हणाल तर दालनं प्रशस्त आहेत. संत किंगाचं चॅपल १०१ मीटर खाली आहे, पण सभागृहाएवढं मोठं. फरशी, भिंतीवरची शिल्पं, झुंबरांचे लोलक, सगळं मिठाचं. (पांढरंशुभ्र असेल असं समजू नका, इथलं मीठ करड्या रंगाचं आहे.) खरी दाटी शेवटच्या लिफ्टमध्ये. पिंजरा लहान, त्यात माणसं चेपून उभी करतात. आईंना तेवढं आधी सांगून ठेवा.

बारा महिने तापमान १७-१८ अंश. पातळ स्वेटर पुरे, बूट मात्र पकड असलेले हवेत. मोठी सॅक आत नेऊ देत नाहीत. ती हॉटेलवरच ठेवा, कारण बाहेर कधी कधी दुसऱ्याच शाफ्टमधून, रेगिसमधून, काढतात.

गाइडशिवाय प्रवेश नाही. तिकिटावर वेळ आणि भाषा ठरलेली असते. पोलिश गटाचं स्वस्त म्हणून काढाल तर एक अक्षर कळणार नाही. गट मागच्या माणसासाठी फार थांबत नाही, त्यामुळे तुम्ही आईंच्या मागे चाला, पुढे नको.

घोडबंदरकर
विसाव्या मजल्याचं ऐकूनच आई नाही म्हणाली. 😀 काही दुसरा मार्ग?

ऐरोली_सेक्टर८
दोन आहेत. व्येलिच्कातच अपंग पर्यटकांसाठी खाली जायलाही लिफ्ट मिळते, पण फेरी आखूड होते आणि आधी नोंदणी लागते. ऐनवेळी खिडकीवर जाऊन उपयोग नाही.

दुसरा मार्ग बोख्निया. क्राकोवहून पूर्वेला साधारण ४० किलोमीटर, गाडीने जाता येतं. तीही १३व्या शतकातली खाण आणि २०१३ पासून व्येलिच्कासारखीच युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत, पण गर्दी कमी. तिथे उतरायलाच लिफ्ट आहे. आत छोटी रेल्वे, मिठाच्या पाण्यात होडी. शिल्पकाम व्येलिच्काच्या तोडीचं नाही, पण जुनी खाण कशी चालायची ते इथे जास्त कळतं. मात्र मधे एक लांब जिना येतो. त्याला पर्याय म्हणून शेजारी १४० मीटरची घसरगुंडी आहे. तो टप्पा टाळता येतो का, हे नोंदणी करतानाच ईमेलवर विचारून घ्या, आणि उत्तर छापून जवळ ठेवा.