ख्यालाच्या सीडी रिप करताना कोणता फॉरमॅट निवडावा?

जोडतानपुरा (प्रश्न)

नमस्कार. वडिलांनी १९९० च्या दशकापासून जमवलेल्या सुमारे २५० सीडी आता माझ्याकडे आल्या आहेत. त्यांत मुख्यतः ख्यालगायन आणि नाट्यसंगीत आहे. घरातला सीडी प्लेअर बंद पडल्यामुळे हे सगळे माझ्या छोट्या म्युझिक प्लेअरवर घ्यावे असा विचार आहे. त्यात ६४ जीबीचे मेमरी कार्ड असून तो एमपी३, एएसी आणि फ्लॅक या तिन्ही प्रकारच्या फाइली वाजवतो.

नमुन्यादाखल २० सीडी एका दुकानातून रिप करून (म्हणजे सीडीवरचे संगीत संगणकाच्या फाइलींत उतरवून) घेतल्या, तर तिथे सगळ्यांच्या १२८ केबीपीएस बिटरेटच्या (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपी३ फाइली करून मिळाल्या. त्या ऐकताना दोन गोष्टी फार खटकल्या. विलंबित (संथ लयीतला ख्याल) संपून द्रुत (जलद लयीतला) सुरू होते, त्या जागी मूळ सीडीवर तानपुरा अखंड वाजत राहतो, पण या फाइलींत तो क्षणभर तुटतो आणि मग पुन्हा सुरू होतो. दुसरे म्हणजे, मैफिलीतल्या टाळ्या पत्र्यावर पाऊस पडावा तशा ऐकू येतात. हे काम आता मी स्वतः पहिल्यापासून करणार आहे. ते एकदाच आणि नीट व्हावे यासाठी कोणते सॉफ्टवेअर आणि कोणता फॉरमॅट वापरावा, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मंद्रसप्तक

आपल्या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न आहेत. सीडीवरून संगणकावर घ्यायची प्रत आणि प्लेअरवर ठेवायची प्रत या दोन वेगळ्या गोष्टी मानाव्यात. पहिली प्रत कायमची असल्याने ती फ्लॅकमध्येच असावी. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने (आवाजाची मोजमापे) असतात, प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि चॅनेल दोन. म्हणजे तासाभराच्या संगीताला सुमारे ६३५ एमबी जागा लागते. फ्लॅक त्यातला एकही बिट न गमावता ती जागा साधारण निम्म्यावर ते साठ टक्क्यांवर आणते. आपल्या २५० सीडींना त्या हिशेबाने ८० ते ९५ जीबी लागतील आणि आजच्या कोणत्याही हार्ड डिस्कवर त्या सहज मावतील. फ्लॅकवरून पुढे कधीही, कोणत्याही फॉरमॅटची प्रत काढता येते. एमपी३ वरून मागे जाता येत नाही. दुकानातून आलेल्या त्या २० सीडीही म्हणूनच मूळ तबकडीवरून पुन्हा घ्याव्यात.

खरी काळजी घ्यायची ती रिप करताना, कारण ऑडिओ सीडी ही संगणकाच्या डेटा सीडीसारखी नसते. डेटा सीडीच्या प्रत्येक सेक्टरमधल्या (तबकडीवरच्या छोट्या भागातल्या) २,३५२ बाइटांपैकी २,०४८ बाइटच प्रत्यक्ष माहितीचे असतात आणि उरलेल्या जागेतला बराचसा भाग चुका दुरुस्त करण्यासाठी राखलेला असतो. ऑडिओ सीडीत मात्र ते सर्वच्या सर्व बाइट संगीताचे असतात, त्यामुळे दुरुस्तीचा हा जादा थर तिथे नसतो. ओरखड्यामुळे एखादा भाग वाचता आला नाही, तर ड्राइव्ह शेजारच्या नमुन्यांवरून अंदाजाने तो भरून काढतो आणि बहुतेक वेळा त्याचा पत्ताही लागू देत नाही. विंडोजवर ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ वापरावे. त्यातला ‘सिक्युअर’ प्रकार प्रत्येक सेक्टर किमान दोनदा वाचून पडताळतो आणि फरक आढळल्यास पुन्हा पुन्हा वाचतो. मॅकवर ‘एक्सएलडी’ आणि लिनक्सवर ‘व्हिपर’ हेच काम करतात. याशिवाय ‘अ‍ॅक्युरेटरिप’ ही सोय सुरू ठेवावी. त्याच सीडीच्या इतरांनी काढलेल्या प्रतींच्या बेरजांशी (फाइलीतल्या आकड्यांवरून काढलेल्या पडताळणी-संख्यांशी) आपली बेरीज जुळली, तर प्रत अचूक आहे असे निःशंकपणे म्हणता येते. नाट्यसंगीताची एखादी सीडी अ‍ॅक्युरेटरिपच्या संग्रहात सापडली नाही, तर ‘टेस्ट अँड कॉपी’ने तीच तबकडी दोनदा वाचून दोन्ही बेरजा जुळतात का, ते पाहावे.

आणखी एक गोष्ट रिप करण्याआधीच पाहून घ्यावी. आपल्याकडे एका तबकडीवर ५०-६० गाणी देणाऱ्या ‘एमपी३ सीडी’ पुष्कळ विकल्या गेल्या. तशा असतील, तर त्यांवरच्या फाइली जशाच्या तशा कॉपी कराव्यात. त्यांचे फ्लॅक केल्याने जागा तेवढी वाढेल, गेलेला आवाज परत येणार नाही.

रियाज_पहाटेचा

तानपुरा तुटतो, हे दुखणे बिटरेटचे नाही. एमपी३ संगीताचे १,१५२ नमुन्यांचे तुकडे पाडते, त्यामुळे एन्कोडर (फाइल तयार करणारे सॉफ्टवेअर) फाइलच्या आरंभी थोडी रिकामी जागा टाकतो आणि शेवटचा तुकडा पुरा करण्यासाठी मागेही भर घालतो. दोन गाण्यांमध्ये तशीच शांतता असते, तिथे हे लक्षातही येत नाही. पण ख्यालात सीडीवरच्या ट्रॅकची सीमा अखंड वाजणाऱ्या तानपुऱ्यावरच पडते आणि तो क्षणभराचा खंड कानाला टोचतो. ‘लेम’ हा एमपी३ एन्कोडर किती नमुने जादा घातले याची नोंद फाइलीतच करतो, मात्र ती वाचून तेवढा भाग गाळण्याचे काम प्लेअरने करायचे असते आणि अनेक स्वस्त प्लेअर ते करत नाहीत. फ्लॅकमध्ये नमुन्यांची संख्या नेमकी जपलेली असते, तरी पुढची फाइल उघडताना थबकणारे प्लेअर मी वापरलेले आहेत. म्हणून सगळ्या सीडी रूपांतरित करण्याआधी एकाच रागाचे लागोपाठचे दोन ट्रॅक प्लेअरवर टाकून पाहावे. खंड ऐकू आला, तर प्लेअरच्या प्रतीत विलंबित आणि द्रुत मिळून एकच फाइल करावी. माझ्या मते ख्यालासाठी हीच सर्वांत महत्त्वाची दुरुस्ती आहे आणि बिटरेटची चर्चा तिच्यानंतर यावी.

टाळ्यांचे दुखणे मात्र १२८ केबीपीएसचेच आहे. तबल्यावरही तोच दोष ऐकू येतो: किनारीवरच्या ‘ना’चा आघात होण्याच्या निमिषभर आधी एक पुसट खरखर येते आणि बोलाची धार बोथट होते. लेमच्या ‘व्ही२’ प्रकाराने सरासरी १९० केबीपीएसच्या आसपास, तर ‘व्ही०’ने २४५ च्या आसपास फाइली होतात. तासाभराच्या २५० सीडी व्ही० ने २७-२८ जीबीत बसतील, तेव्हा आपल्या कार्डावर त्या मावून निम्मी जागा उरेल.

पोथीबंद

मी थोडे वेगळे सुचवतो. शक्य असल्यास १२८ जीबीचे कार्ड घेऊन फ्लॅकच प्लेअरवर ठेवावे, म्हणजे दोन संग्रह सांभाळावे लागणार नाहीत. आधी आपला प्लेअर तेवढे कार्ड घेतो का, हे पाहावे. ३२ जीबीपेक्षा मोठी कार्डे सहसा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली येतात आणि काही जुने प्लेअर फक्त फॅट३२ ही जुनी पद्धत ओळखतात. ब्लूटूथ हेडफोनवर ऐकणार असाल, तर ध्वनी वाटेत बहुधा पुन्हा दाबला जातोच. तिथे फ्लॅकचा फारसा लाभ नाही आणि व्ही० पुरेसे आहे.

टॅगांकडे (फाइलीत भरलेल्या राग, गायक इत्यादी माहितीकडे) कृपया दुर्लक्ष करू नये. इंटरनेटवरून आपोआप भरली जाणारी नावे शास्त्रीय संगीताच्या बाबतीत विश्वासार्ह नसतात. एकच राग तीन स्पेलिंगांनी येतो आणि गायकाच्या जागी कंपनीचे नाव पडते. राग, ताल, गायक आणि साथीदार हे स्वतः सीडीच्या पुस्तिकेवरून भरावे आणि पुस्तिका स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये ठेवावी, कारण तबला किंवा हार्मोनियमची साथ कोणी केली याची नोंद अनेकदा त्या पुस्तिकेपलीकडे कुठेच मिळत नाही. मूळ संग्रहात देवनागरी निर्धास्त वापरावी. छोट्या प्लेअरच्या पडद्यावर मात्र ‘विलंबित’ची वेलांटी ‘व’च्या पुढे जाऊन बसते आणि ‘धनाश्री’तला ‘श्री’ फुटतो, म्हणून तिथल्या प्रतीत रोमन नावे सोयीची पडतात. ट्रॅकचे क्रमांक ०१, ०२ असे दोन अंकी ठेवावेत, नाहीतर दहावा ट्रॅक दुसऱ्याच्या आधी वाजतो.

जोडतानपुरा

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. रविवारी पूरिया धनाश्रीची सीडी पहिली घेतली. द्रुताच्या ट्रॅकवर दोन वाचनांच्या बेरजा जुळेनात. तबकडी उजेडात तिरपी धरली, तेव्हा कडेजवळ बोटाचा ठसा आणि एक बारीक ओरखडा दिसला. मऊ कापड किंचित ओले करून मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसले आणि पुन्हा वाचले. या वेळी बेरजा जुळल्या. प्लेअरवर फ्लॅकचे दोन ट्रॅक लागोपाठ लावले, तर तानपुरा कुठेही तुटला नाही. त्यामुळे १२८ जीबीचे कार्ड मागवले आहे. साथीदारांची नावे वहीत उतरवून घेण्याचे काम आईने आपणहून अंगावर घेतले आहे, आणि आजवर ४० पुस्तिका झाल्या आहेत.