अरबी वाक्यात क्रियापद आधी आले की अनेकवचन कुठे जाते?

जिज्ञासू: ‘विद्यार्थ्यांनी धडा लिहिला’ या अर्थाने मी ‘कतबू अत्-तुल्लाबु अद्-दर्स’ असे लिहिले, तेव्हा शिक्षकांनी ‘कतबू’ खोडून ‘कतब’ हे एकवचन केले. मात्र ‘अत्-तुल्लाबु कतबू अद्-दर्स’ हे वाक्य त्यांनी तसेच ठेवले. शब्दांची नुसती जागा बदलल्याने क्रियापदाचे वचन का बदलावे?

पदच्छेद: कारण जागेबरोबर वाक्याची जातच बदलते. क्रियापदाने सुरू होणारे वाक्य ‘जुम्ला फिअ्लिय्या’, नामाने सुरू होणारे ‘जुम्ला इस्मिय्या’. पहिल्यात क्रियापद पुढे येणाऱ्या कर्त्याचे लिंग पाहते, वचन पाहत नाही. म्हणून विद्यार्थिनी कितीही असल्या तरी ‘कतबत् अत्-तालिबातु’ असेच म्हणायचे. दुसऱ्यात ‘अत्-तुल्लाबु’ हा पारंपरिक व्याकरणानुसार कर्ता नसून ‘मुब्तदा’, म्हणजे उद्देश्य असतो, आणि ‘कतबू’मधला शेवटचा ‘ऊ’ हे क्रियापदाला चिकटलेले सर्वनाम हाच खरा कर्ता मानला जातो. मराठीत उलगडायचे तर ‘विद्यार्थी, त्यांनी धडा लिहिला’. आपल्या खोडलेल्या वाक्यात कर्ता दोनदा आला होता.

वाचनवेडी: वरील विवेचन इराकमधील बसरा शहराच्या जुन्या व्याकरणकारांचे आहे, कर्ता क्रियापदाआधी येऊ शकतो, असे तिथल्याच कूफा शहराचे व्याकरणकार मानत. शिवाय आपली चूक एकाकी नाही. काही जुन्या बोलींत क्रियापद आधी असूनही अनेकवचनी होत असे, आणि ‘अकलूनी अल्-बरागीस’, म्हणजे ‘पिसवांनी मला खाल्ले’, या उदाहरणावरूनच व्याकरणात त्या प्रयोगाला नाव पडले. प्रमाण लेखनात मात्र हा आधार दाखवून गुण मिळणार नाहीत.

जिज्ञासू: आभारी आहे. मग कर्मही सर्वांत आधी ठेवता येते का?

पदच्छेद: येते, कारण मराठीत ‘ने’ आणि ‘ला’ जे काम करतात तेच तिथे शब्दाच्या शेवटचा स्वर करतो: कर्त्याला ‘उ’, कर्माला ‘अ’. ‘अद्-दर्स कतब अत्-तालिबु’ म्हटले तरी धडा विद्यार्थ्यानेच लिहिला, हे कळते. अडचण येते ती स्वर दिसत नाही तिथे. ‘दरब मूसा ईसा’ या वाक्यात दोन्ही नावे दीर्घ ‘आ’ने संपतात आणि विभक्तीची खूण उच्चारातच उतरत नाही, त्यामुळे दुसरा पुरावा नसेल तर क्रमच निर्णायक ठरतो आणि मारणारा मूसाच, ईसा नव्हे.