जांबोटीच्या रस्त्यावरचं 'ते' खरं मानायचं का?

मलप्रभाकाठ:
आठवडाभर एक आवाजाची क्लिप फिरतेय. आपल्या बेळगावकडच्या जांबोटी-कणकुंबी रस्त्यावर पहाटे तीनला दुधाच्या टेम्पोवाल्याला हेडलाइटात माणसाएवढं केसाळ काहीतरी दोन पायांवर रस्ता ओलांडताना दिसलं म्हणे. माझ्याकडे ती चार जणांकडून आली. दुसऱ्याच्या निरोपात उंची सात फूट झाली, तिसऱ्याच्यात डोळे लाल झाले, चौथ्याच्यात टेम्पो थेट चोर्ल्याच्या घाटात पोचला. वार कुठला, अंतर किती, गाडीत आणखी कोण होतं, कुणालाच ठाऊक नाही. माझ्या हिशेबी असल्या गोष्टीची किंमत शून्य. थोडीही नाही, शून्यच.

रानवाट:
शून्य कसं हो? आमची आज्जी भीमगडच्या बाजूची. ती 'काळा वाघ' बघितल्याचं सांगायची आणि आम्ही शाळा शिकलेले हसायचो. पुढे शेजारच्या काळी व्याघ्र प्रकल्पात काळ्या बिबट्यांचे फोटोच आले. आज्जीकडे वार-तारीख नव्हती, खरं जनावर होतं की! रानातल्या माणसाची नोंद कोण ठेवतो? नोंद नाही हा त्याचा दोष कसा?
आणि बारापेडे गुहेतलं वटवाघूळ घ्या. 1913 साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं, त्यानंतर ऐंशीहून जास्त वर्षं ते जगात दुसरीकडे कुठे सापडलं नव्हतं. आपल्या खानापूर तालुक्यात असलं जनावर आहे हे बेळगावात तरी किती जणांना माहीत होतं?

मलप्रभाकाठ:
वटवाघळाचा दाखला माझ्याच बाजूचा आहे. प्रेटर नावाच्या निसर्ग अभ्यासकाने 1912 मध्ये ते गुहेतून हातात घेऊन आणलं. मोजलं, जपून ठेवलं, म्हणून नाव मिळालं. 'गुहेत काहीतरी फडफडतं' एवढ्यावर कुणी नाव देत नाही.

रानवाट:
हातातल्या नमुन्याचं एवढं कौतुक असेल तर रानपिंगळ्याची गोष्ट वाचा. माइनर्ट्झहागेन नावाच्या साहेबाने 1914 मध्ये गुजरातेत तो मारल्याची चिठ्ठी लावून पक्षी संग्रहात ठेवला. तारीख, ठिकाण, नमुना, सगळं चोख. खरं तो पक्षी म्हणजे ब्रिटिश म्युझियममधला चोरीचा जुना नमुना निघाला, 1880 च्या दशकात खानदेशात मिळालेला. चिठ्ठीच खोटी! जिवंत रानपिंगळा 1997 मध्ये सापडला तो शहाद्याजवळ, म्हणजे खानदेशातच. आता सांगा, खोटं कोण बोललं, कागदवाला की बिनकागदवाला?

मलप्रभाकाठ:
लबाडी पकडली गेली तीही नमुना समोर होता म्हणूनच, राव. तुमच्या क्लिपमध्ये पकडायला काय आहे?

शहापूरची सून:
दोघंही थांबा जरा. 2022 च्या ऑगस्टमध्ये बेळगावात गोल्फ मैदानाच्या बाजूला बिबट्या आला होता, आठवतंय ना? शाळांना सुट्ट्या, शिमोग्याकडच्या सक्रेबैलूच्या हत्ती कॅम्पातून हत्ती आणले, आठवडे गेले, तो सापडला नाही. बिबट्या खरा होता. तरी त्या दिवसांत आमच्या गल्लीत तो दोनदा 'आला'. एकदा समोरच्या घरचा कुत्रा होता. दुसऱ्यांदा बांधकामाच्या रेतीवर ठसे मिळाले, अख्खी गल्ली गोळा. सासरे खाली बसले, बघितलं, म्हणाले, "पुढं नखांच्या खुणा हायत बघ. बिबट्या चालताना नखं आत घेतो." परत कुत्राच! म्हणजे जनावर खरं असलं तरी दिसलेलं खोटं असू शकतं. ठसा बघायला सासऱ्यांसारखं खाली बसावं लागतं, एवढंच.

गणेबैलकर:
एक बारकी गोष्ट. चौथ्या निरोपात कुणीतरी 'वनमाणूस' लिहिलंय. आपल्याकडे आणि खाली सावंतवाडीत वनमाणूस म्हणजे लाजवंती, रात्री झाडावर फिरणारं बारकं जनावर, ज्याला कन्नडमध्ये काडुपापा म्हणतात. मोठे गोल डोळे, काटकुळे हातपाय, वजन जेमतेम पाव किलो. प्रकाश पडला की डोळे निखाऱ्यागत लाल चमकतात. लाल डोळे तिथनंच आले असतील, कायकी. शब्दातला 'माणूस' तेवढा पुढच्याने ऐकला आणि उंची वाढली!

रानवाट:
मी काल टेम्पोवाल्याच्या मेव्हण्याकडे गेलो. (गुरुवारचा दिवस, पहाटेचे सव्वातीन, गाडीत तो एकटाच. घ्या तुमचे वार आणि वेळ.) तो मेव्हण्याला सकाळी पहिल्यांदा जे बोलला ते एवढंच: "कडेला काळं कायतर बसलेलं, लाइट पडल्यावर उभं राहिलं, मी गाडी हाणली." चालत गेलं, रस्ता ओलांडला, हे तो बोललाच नव्हता.

मलप्रभाकाठ:
मग मिटलं की! अस्वल. बिचकलं की मागच्या पायांवर उभं राहतंच.

रानवाट:
तो अस्वल बोलला नाही. तुम्ही बोललात.