खोलीभाड्याचा सरकारी भत्ता : स्वाधार, स्वयंम, आधार. अर्ज कुठं अडतो ते लिहा

सातपुडा_पायथा
आज झेरॉक्सच्या दुकानात एक पोरगा भाडेकरार चौथ्यांदा छापून घेत होता. करारात आताच्या घरमालकाचं नाव, लाइट बिल अजून त्याच्या वारलेल्या बापाच्या नावावर. हे बघून जुनं सगळं वर आलं, म्हणून धागा काढतोय. कागदांची यादी साइटवर मिळते, ती नको. कागद परत का येतो तेवढं लिहा.

सुरुवात मी करतो. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांना स्वाधार, ते समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे. आदिवासी पोरांना स्वयंम, ते आदिवासी विकासच्या प्रकल्प कार्यालयाकडे. आपल्या खान्देशात नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल. ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास प्रवर्ग यांना आधार (योजनेचं नाव, कार्ड नव्हे), ती सुरू झाली ती जिल्ह्याला ६०० विद्यार्थी धरून. पुण्या-मुंबईत वर्षाला ६० हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३, तालुक्याला ३८. नंदुरबारचे ४३ म्हणजे जेवण २५, राहणं १२, निर्वाह ६. राहण्याचे १२ हजार म्हणजे महिन्याला हजार. एकट्याची खोली त्यात बसत नाही, हे धरूनच चाला.

घरमालकाचा बाप वारला असेल तर करारासोबत घरपट्टीची पावती लावा. घरपट्टीवर मुलाचं नाव लागलेलं असतं बऱ्याचदा. तेही नसेल तर वारसाचं संमतीपत्र.

केळीबाग_रावेर
घरपट्टीचं बरोबर. पण खरी गोची पुढं आहे. चौघे एका खोलीत आणि करार एकाच्याच नावावर. बाकी तिघांचे अर्ज त्रुटीत. चौघांची नावं करारात भाडेकरू म्हणून हवीत, आणि प्रत्येकाच्या वाट्याला किती भाडं तेही लिहा. ते नसेल तर टेबलावरचा माणूस विचारतो, ३ हजाराची खोली आणि चौघांनीही ३-३ हजार दाखवलेत, मालक १२ घेतो का?

तापीकाठ
😂😂 घेईल पण

अमळनेरची_ताई
स्वाधारवाल्यांनो, एक लक्षात ठेवा. कॉलेज ज्या गावात, त्याच गावचे रहिवासी असाल तर बसत नाही, तसं शपथपत्रच द्यावं लागतं. आणि नेमकं काय होतं, कुणीतरी सांगतं की खोलीचा पुरावा हवा, मग पोरं आधार कार्डावर खोलीचा पत्ता टाकून मोकळी होतात. झाले स्थानिक! पत्ता गावचाच राहू द्या. खोलीचा पुरावा म्हणजे भाडेकरार किंवा खाजगी वसतिगृहाचं पत्र, आधार नाही.

उत्पन्न २.५ लाखाच्या आत. दाखला ३१ मार्चला संपतो, म्हणून फेब्रुवारीत काढून ठेवलेला जुलैत कामाचा नसतो. एप्रिलनंतरच काढा. लग्न झालेल्या मुलींनी नवऱ्याच्या उत्पन्नाचा लावायचा. वडिलांचा लावला की परत येतो.

भो_धुळेकर
बठ्ठं खरं शे. पण घरमालक सही करस नही त्याले काय सांगानं? तोच तं मोठा प्रश्न शे भो

सातपुडा_पायथा
@भो_धुळेकर मालकाला दोन भीत्या. एक, भाडेकरू घर बळकावेल. दोन, टॅक्सवाले येतील. पहिलीवर उपाय म्हणजे 'भाडेपट्टा' म्हणायचंच नाही, लिव्ह अँड लायसन्स करायचा, ११ महिन्यांचा. त्यात राहण्याची परवानगी असते, हक्क नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरतात. हे वाक्य मालकाला शांतपणे वाचून दाखवा, काम होतं.

दुसरीवर माझ्याकडे उपाय नाही 🙏

केळीबाग_रावेर
खर्च पण सांगून टाका. मुद्रांक एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के. ३ हजार गुणिले ११ म्हणजे ३३ हजार, हिशेबानं ८२-८३ रुपये. नोंदणी फी शहरी भागात १००० आणि ग्रामीणला ५००. ऑनलाइन करणारा एजंट त्याचे वेगळे घेतो. चौघांत वाटलं तर चहा-नाश्त्याचे पैसे.

नोटरी केलेला चालतो का, हे खोली घ्यायच्या आधी त्याच कार्यालयात विचारा. एके ठिकाणी चालतो, दुसरीकडे परत पाठवतात.

गिरणा_बस_स्टँड
स्टॅम्प पेपरवरून आठवलं. ऑक्टोबर २०२४ पासून १०० चा चालत नाही, ५०० चा लागतो. पण जात, उत्पन्न, रहिवासी दाखल्यासाठी प्रतिज्ञापत्र साध्या कागदावर चालतं, मुद्रांक माफ आहे. स्टँडजवळचे टायपिंगवाले तरी ५०० चा पेपर चिकटवतात. घेऊ नका. रानात मजुरीला जाणाऱ्या बाईची दोन दिवसांची मजुरी जाते त्यात.

तापीकाठ
मेसमध्ये कळण्याची भाकरी मिळणारं ठिकाण जळगावात कुणाला माहीत आहे का? विषयांतराबद्दल क्षमा

अमळनेरची_ताई
@तापीकाठ विद्यापीठाच्या बाजूला विचारा. कळण्याची कुणी देत नाही, बाजरीची मिळेल.

धडगाव_नेटवर्क_नाही
नावाचं कुणीच लिहिलं नाही. आमच्याकडं सगळ्यात जास्त अर्ज इथंच मरतात. वळवी इंग्रजीत एका ठिकाणी डब्ल्यूने, दुसरीकडे व्हीने. पाडवी, वसावे, पावरा, सगळ्यांचं हेच. आधार कार्डावर बापाचं नाव आडनावाच्या जागी. दहावीचं गुणपत्रक प्रमाण धरा आणि बाकी सगळं त्याला जुळवा. आधी आधार, मग बँक. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. घाईत चुकीचं दुरुस्त केलं की एक संधी गेली. रेंज येईल तेव्हा पुढचं लिहितो

भो_धुळेकर
तो आते दिवाळीले येई 😄

गिरणा_बस_स्टँड
तोवर बँकेचं मी लिहितो. 'आधार लिंक आहे' असं बँकवाला म्हणतो म्हणजे सीडिंग झालं असं नाही. लिंक म्हणजे बँकेच्या रजिस्टरात नंबर असणं. सरकारी पैसा जातो तो एनपीसीआयच्या (बँकांची देवाणघेवाण चालवणारी संस्था) नोंदीत शेवटी जी बँक आहे तिच्यात, ती नोंद म्हणजे सीडिंग. मधेच कुणी सिमकार्ड घेताना पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलं असेल तर पैसे तिकडं, आणि पोरगा जुन्या पासबुकात एंट्री मारत बसतो. यूआयडीएआयच्या (आधार कार्ड देणारी संस्था) साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा, बँकेचं नाव आणि तारीख दिसते.

आणखी एक. बिनकागदाचं उघडलेलं 'स्मॉल अकाउंट' असेल तर शिल्लक ५० हजारांच्या वर जात नाही. महिन्याला १० हजारांच्या वर निघतही नाहीत. भाडं आणि मेस एकदम द्यायची तर अडलात. केवायसी पूर्ण करून साधं बचत खातं करून घ्या, अर्जाच्या आधी.

केळीबाग_रावेर
आधार योजनेच्या पोराचं खातं आधारला सीड नाही म्हणून तो निराधार. 😅

अमळनेरची_ताई
😂

हजेरी विसरू नका हो. स्वाधारला ७५ टक्के. आणि सत्राच्या निकालाची प्रत लागते पुढच्या हप्त्याला. निकाल उशिरा, तर हप्ता उशिरा. म्हणून मालकाशी बोलताना 'पैसे आले की देतो' असं ठरवू नका. भाडं दर महिन्याला आपल्या खिशातून द्या, भत्ता आला की खिसा भरा. आणि भाडं रोख देत असाल तर पावती, नाहीतर फोनवरून. रोख दिलेलं कुठं दिसत नाही.

तापीकाठ
ताई तुम्ही समाजकल्याणमध्ये आहात का?

अमळनेरची_ताई
नाही हो, दोन भाचे आणि शेजारचे पाच 🙈 कुकर लावलाय, येते

धडगाव_नेटवर्क_नाही
रेंज आली. स्वयंमवाल्यांनी आधी शासकीय वसतिगृहाचा अर्ज भरायचा. तिथं जागा मिळाली नाही तर हा भत्ता. वसतिगृहाचा अर्जच नाही म्हणून बरेच बाहेर पडतात. अर्जाची पावती जपून ठेवा, पीडीएफ मेलवर पा