आई-बाबांना घेऊन समुद्रावर

विषय: डिसेंबरात क्रूझ, कुणी जाऊन आलंय का?

सर्व मंडळींना नमस्कार,

एडिसनहून लिहितेय. डिसेंबरच्या मध्याला आम्ही चौघं बडोद्याला येतोय. या वेळी लग्नकार्य नाही, म्हणून आई-बाबांना घेऊन मुंबईहून दोन-तीन रात्रींची क्रूझ करावी असं मनात आहे. माझी कॉलेजची मैत्रीण आणि तिच्या घरचेही येतील. बाबा 74 वर्षांचे, गुडघे कुरकुरतात. आईला गाडी लागते, पावागडला माचीपर्यंत जाईस्तोवर बेजार होते. गोव्याची घ्यावी की लक्षद्वीपची? बाल्कनीची खोली घ्यावी का? आणि मुळात आईला नेणं बरोबर आहे का? आजवर ती कुठेही गेली ती कुणाच्या तरी बाळंतपणाला नाहीतर आजारपणाला. म्हणून माझा जीव अडकलाय.

रावपुऱ्याची माहेरवाशीण

——

अगं, आईला जरूर ने.

गेल्या जानेवारीत आम्ही अकरा जण गोव्याच्या क्रूझवर जाऊन आलो. आमचं घर, नणंदेचं घर आणि वाड्यातलं एक जोडपं. सासूबाई 79 वर्षांच्या. तेव्हा अनुभवाचं सांगते.

बाल्कनीवर पैसे घालू नकोस. तेच पैसे घालून सगळ्यांच्या खोल्या शेजारी-शेजारी, खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यावर माग. बागेतल्या सी-सॉवर टोकाची मुलं वर-खाली होतात आणि मध्ये उभं राहिलेल्याला काही कळत नाही, तसंच जहाजाचं असतं. आम्हाला एजंटने तीन वेगवेगळ्या मजल्यांवर खोल्या दिल्या, त्यात सासूबाईंची नेमकी पुढच्या टोकाला, वर. पैसे भरून झाल्यावर कळलं. पहिल्या रात्री त्यांना तीनदा उलटी झाली. मी त्यांच्या खोलीत बसून होते. टेबलावरच्या पेल्यातलं पाणी एका बाजूला चढायचं, थांबायचं, मग दुसऱ्या बाजूला. खिडकी नव्हती. कानाला हलणं कळतंय आणि डोळ्यांना भिंत स्थिर दिसतेय, त्याचाच हा त्रास.

पहाटे साडेपाचला मी त्यांना धरून उघड्या डेकवर नेलं, मधल्या भागात, आणि लांब क्षितिजाकडे बघत बसवलं. अर्ध्या तासात रंग परतला. आलेपाकाची वडी चघळली, कोरडा खाखरा खाल्ला. जहाजावर आगीची भीती, म्हणून निरांजन-उदबत्ती चालत नाही. त्यांनी कागदी कपात नळाचं पाणी घेतलं, पिशवीतून पळी काढली आणि उगवतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पूर्वेला कोकणचा किनारा, पण दिसत होती नुसती धुरकट रेघ. सूर्य वर आला तसं त्यांनी पळीपळीने कपातलं पाणी कपातच सोडलं. वाऱ्याने पदर उडत होता, तो मी धरला होता. त्या मला म्हणाल्या, "पन्नास वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिला गं अर्घ्य." पुढचे दोन दिवस त्या जागेवरून त्यांना उठवावं लागायचं.

म्हणून सांगते, गोव्यात उतरून काय बघायचं याची यादी करू नकोस. आमच्यातले सहा जण उतरले, उन्हात दमून परत आले. थोड्या दिवसांच्या सफरीत जहाज हेच गाव. बरोबरच्या मंडळींशी एकच गोष्ट ठरव: रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र, बाकी ज्याचं त्याने. आमच्याकडे पहिल्या दिवशी सगळं मिळून करायच्या नादात नणंद आणि शेजारीण दोघी रुसल्या. जैन, शाकाहारी जेवण उत्तम मिळालं.

मुंबईला आदल्या दिवशी जा. बडोद्याहून जेमतेम चारशे किलोमीटर, म्हणून नणंदेकडचे त्याच सकाळी निघाले, गाडी विरारला रखडली आणि ते कसेबसे चढले. जहाज कुणासाठी थांबत नाही. औषधं, चष्मा, एक साडी हातातल्या पिशवीत ठेव. मोठ्या बॅगा खोलीवर यायला संध्याकाळ होते.

दांडिया बाजारची काकू

——

काकूंनी छान लिहिलंय. निवृत्त डॉक्टर म्हणून थोडी भर घालतो.

अ‍ॅव्होमिनची गोळी उलटी सुरू झाल्यावर नव्हे, निघण्याआधी तास-दोन तास घ्यायची असते. तिने झोप येते, तोल जातो. बाबांना प्रोस्टेटचा त्रास किंवा काचबिंदू असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच देऊ नका. डिसेंबर-जानेवारीत अरबी समुद्र शांत असतो, जून ते सप्टेंबर वृद्धांना नेऊ नये.

लक्षद्वीपला जायला भारतीयांनाही परवाना लागतो, आणि तुमच्या घरात कुणाचा पासपोर्ट अमेरिकेचा असेल तर त्यांचे नियम आणखी वेगळे. पहिल्या खेपेला गोवाच बरा.

सुटण्याआधी लाइफ जॅकेट आणि जमायच्या जागेची कवायत होते. तरुण मंडळी ती टाळायला बघतात. जानेवारी 2012 मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया हे क्रूझ जहाज खडकावर आपटलं, 32 माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत व्हायची होती. 2015 पासून नियमच झाला की ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यायची. बाबांना हाताला धरून त्या जागेपर्यंत एकदा जिन्यानेच चालवत न्या. आणीबाणीत लिफ्ट वापरायची नसते, आणि त्यांच्या गुडघ्यांना किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीत असायला हवं.

बाबांना इतिहासाची आवड असेल तर डेकवर बसून हे सांगा: बडोद्याला समुद्र नाही असं म्हणतात, पण द्वारकेकडचं ओखामंडळ आपल्याच बडोदा संस्थानात होतं. ओखा बंदर 1926 मध्ये सयाजीराव महाराजांच्या काळातच सुरू झालं, आणि महाराज स्वतः 1887 पासून बोटीने विलायतेला जात होते.

अलकापुरीचे काका

——

काकू, काका,

तुमच्या मेल मी आईला फोनवर वाचून दाखवल्या. पळीचं वाचल्यावर बराच वेळ ती बोलली नाही. मग विचारलं, "तांब्याची चालेल ना गं, चांदीची नको न्यायला?"

गोव्याची ठरवली, दोन रात्री. खालचा मजला, मध्यावर, चार खोल्या ओळीने. एजंटकडून खोल्यांचे नंबर लेखी घेतले आणि मगच पैसे भरले. काका, बाबांना काचबिंदू आहे, त्यामुळे त्यांना गोळी नाही. आईच्या गोळीचंही आधी डॉक्टरांना विचारते. काकू, आलेपाक खंडेराव मार्केटजवळ कुठे चांगला मिळतो तेवढं कळवा.

रावपुऱ्याची माहेरवाशीण